मधली जागा

“डॉक्टर काय म्हणाले गं रतन? म्हणजे… नवमीपर्यंत काय?”

अण्णांच्या हॉकी क्लबातल्या ससाणेकाकांनी विचारलं आणि मला वाटलं, काळजीपोटी विचारतायत. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर थर्मास मांडीत धरून बसले होते. अण्णांच्या छातीत पाणी झालं होतं, आणि आदल्या रात्रीपासून ते कुणाला ओळखत नव्हते.

म्हटलं, “लांबच्या माणसांना कळवून ठेवा म्हणालेत.”

काकांनी मान हलवली. त्यांच्याबरोबर पप्पू मुदलियार आला होता, त्यानंही हलवली. मग पप्पू जिन्याकडे गेला आणि मोबाइलवर हळू आवाजात म्हणाला, “हो, हो. टाक छापायला.” पप्पूचा खडकी बाजारात फ्लेक्सचा धंदा होता, तेव्हा मी म्हटलं, असेल कुणा तरी गिऱ्हाइकाचं काम.

“पोरी, एक चांगली बातमी आहे,” काका माझ्याजवळ बसले. “काल पत्र्याखाली मतदान झालं. ब्लू स्टिक्सच्या पंच्याहत्तर वर्षांत सगळ्यात मोठा खेळाडू कोण, त्याचं. तुझा बाप पहिला आला.”

मला रडूच कोसळलं. बाकावर बसल्या बसल्या मी ससाणेकाकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं तरी मला माझ्या त्या रडण्याची लाज वाटत नाही, त्यांच्या खांद्याची मात्र किळस येते.

आता पत्रा म्हणजे काय ते सांगते. आमच्या खडकीत पोरं क्रिकेटच्या आधी हॉकी शिकायची. ब्लू स्टिक्स हा जुना क्लब. मैदानाच्या एका कडेला पत्र्याची शेड, तिच्याखाली सिमेंटच्या चार पायऱ्या. तिथं रोज संध्याकाळी वीस-पंचवीस जण बसणार. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात स्टिक धरलेली नाही, पण तोंड असं चालणार की विचारू नका. कोण मोठा, कोण लहान, कुणाचा पास चांगला, कोण नुसता पळायचा. मॅच असो नसो, यांचा निकाल चालूच. घरी बायका कुकर लावून वाट बघतायत आणि हे तिथं तीस वर्षांपूर्वीच्या शॉर्ट कॉर्नरवर एकमेकांची आईबहीण काढतायत.

यांच्यात वस्त्यांवरून दोन तट. बाजारवाल्यांचा देव मुनीर बागवान. त्याचा हिट म्हणे दिसायचाच नाही, नुसता गोलातल्या फळीचा आवाज यायचा. रेंजहिल्सवाल्यांचा देव रघू मुदलियार, आमच्या पप्पूचा चुलता. चेंडू त्याच्या स्टिकला चिकटलेला असायचा. दोघंही केव्हाच देवाघरी गेलेले. माझे अण्णा, सोपान काळभोर, दोघांच्या मागे राइट हाफला खेळायचे. दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून सुटले की मैदानावर आणि मैदानावरून घरी. अण्णांना सगळेच चांगला म्हणायचे. पण पहिला कुणी म्हणत नव्हतं. पत्र्याखाली बसून अण्णाही हसत म्हणायचे, “माझं नाव घेऊ नका रे, उगाच तुमच्या भांडणात मी मरायचो.”

क्लबात एक रीत होती. खंडेनवमीला आमच्याकडे फॅक्टरीत हत्यारं पुजतात, तशा क्लबात स्टिका पुजायच्या. सतरंजीवर सगळ्या खेळाडूंच्या स्टिका गोल मांडायच्या आणि मधे एकच ठेवायची, क्लबच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूची. आधी संस्थापकांची असायची. त्या वर्षी पंच्याहत्तरी म्हणून ठरलं की आता मतदान करून कायमची एक ठेवायची, काचेच्या पेटीत. सगळी खडकी बघायला येणार होती.

मी अण्णांच्या कानाशी गेले. नाकात नळी, डोळे मिटलेले, ओठ पांढरेफटक.

“अण्णा, मतदान झालं. तुम्ही पहिले आलात. मधली जागा तुमची.”

काही नाही. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा एक डोळा उघडला.

“मुनीर?” अण्णांनी विचारलं.

“मुनीर नाही. तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेज मागितली. त्याच्या पुढच्या दिवशी नर्सबाईंवर खेकसले. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पडलं असेल. मी डॉक्टरांशी कशाला वाद घालू? पण मी तिथं होते. मला ठाऊक होतं कोणतं औषध लागू पडलं ते. आठवड्यानं अण्णा स्वतःच्या पायांनी रिक्षात बसले आणि घरी आले. मी दापोडीला सासरी कळवून टाकलं, की दसऱ्यापर्यंत मी काही येत नाही.

घरी आल्यावर अण्णांनी पहिलं काम काय केलं, तर माळ्यावरून स्टिक काढायला लावली. तिला तेल लावत बसले. शेजारच्या बाईंना बोलावून सांगितलं, “मतदान झालं म्हणे. मी नव्हतो तिथं, बरं का. मी तर बेशुद्ध.” दूधवाल्याला सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं. आई गेल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मी पुरणपोळ्या केल्या. पुरण कसलं, त्यांना मीठ-साखर सगळंच बंद होतं, पण एक चतकोर दिली.

नवरात्र बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ससाणेकाका आणि पप्पू घरी आले. बरोबर केळी आणि खारीचा पुडा. तोंडं अशी, की जणू मयताला आलेत.

“बरे झालात हे उत्तम झालं अण्णा,” काका म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

“उत्तम झालं,” पप्पू म्हणाला.

“बस रे नीट. रतने, चहा टाक,” अण्णा खुशीत. “पेटी झाली का करून? स्टिकची लांबी मोजून घ्या हं, जुनी स्टिक आहे, आताच्यापेक्षा वाकडी जास्त आहे.”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी चहाचं आधण ठेवलं होतं, पण कान बाहेरच होते. आमचं घर दोन खोल्यांचं, तिथं काय लपतं?

“अण्णा, एक अडचण आहे,” काका म्हणाले. “म्हणजे अडचण अशी नाही. पण तुम्हाला रीत माहीतच आहे. मधली जागा ही गेलेल्याची.”

“हो. मग?”

“जिवंत खेळाडूची स्टिक बाजूला गोलात. गेलेल्याची मधे. पहिल्यापासून तसंच आहे.”

“हो ना. मग?”

अण्णांना खरंच कळलं नव्हतं. मला कळलं.

पप्पू खालमानेनं म्हणाला, “अण्णा, त्या दिवशी मतदान तीन वेळा झालं. मुनीरला आणि रघूकाकांना सारखी मतं. मारामारीची वेळ आली. खुर्ची तुटली. मग कुणीतरी म्हणालं, सोपानअण्णांना देऊ या. अण्णा काय आता… म्हणजे तब्येतीचं कानावर आलंच होतं. अण्णांना दिलं तर ना बाजाराचं नाक कापलं जाणार, ना रेंजहिल्सचं. सगळ्यांनी हात वर केले. एकमतानं, अण्णा! आजपर्यंत पत्र्याखाली एकमतानं काही झालं नव्हतं.”

“फ्लेक्सपण छापून झालेत,” काका म्हणाले. “आता ते…”

बाजारात तुरी म्हणतात ती ही. माणूस आत श्वास घेतोय आणि यांनी बाहेर त्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापला! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक मी पाहिलेत, पण यांना मढं होईपर्यंतसुद्धा दम नव्हता. मी बाहेर येऊन त्यांना काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात अण्णांचा आवाज आला. अगदी ओशाळलेला आवाज.

“नवमी कधी आहे?”

“पुढच्या सोमवारी.”

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग हातांकडे.

“तोवर जमेल असं वाटत नाही रे,” अण्णा म्हणाले.

मला वाटलं, हे दोघं आता हसतील, किंवा त्यांना शरम वाटेल, किंवा निदान ‘काहीतरीच काय बोलता’ म्हणतील. तोंडदेखलं तरी. पण ससाणेकाका काय म्हणाले माहितीय? म्हणाले, “नाही नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बघू कसं होतं ते.”

मी केळी आणि खारीचा पुडा त्यांच्या हातात कोंबला आणि दार उघडून धरलं. “निघा,” म्हटलं. “चहा मिळणार नाही.”

“रतन, तू गैरसमज—”

“निघा म्हटलं ना!”

ते गेल्यावर अण्णांनी स्टिक कोपऱ्यात उभी करून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी म्हटलं, बरं झालं, एकदाची ब्याद गेली. दोन दिवस रागात राहतील, मग विसरतील. स्वतःच्या बापाला मी ओळखत नव्हते, दुसरं काय.

दोन दिवसांनी त्यांच्या पायांवर सूज दिसली. बोट दाबलं की खड्डा पडत होता. लघवीची गोळी तर मी माझ्या हातानं देत होते, सकाळ-संध्याकाळ, पाण्याबरोबर. मग सूज का? उशीचा अभ्रा धुवायला काढला आणि आतून गोळ्या सांडल्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्धवट विरघळलेल्या. गालात धरून ठेवायचे आणि मी वळले की उशीत ढकलायचे.

मला आधी कळेचना. मी गोळ्या ओंजळीत घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“हे काय आहे?”

अण्णांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

“अण्णा, हे काय आहे? मरायचंय तुम्हाला?”

“ओरडू नको. शेजारी ऐकतील.”

“ऐकू दे! त्या पेटीसाठी? त्या चार टाळक्यांसाठी, ज्यांना तुम्ही मेलात तर बरं वाटणारे?”

“चार टाळकी नाहीत,” अण्णा म्हणाले. “एकमतानं झालंय. पप्पू सांगत होता ना.”

“तुम्ही मरणार म्हणून एकमत झालं!”

“कशामुळे का होईना, झालं ना?” अण्णा उठून बसले. त्यांना धाप लागली होती. “रतने, मी इथं काय करतो गं? सकाळी गोळी, दुपारी भात, संध्याकाळी गोळी. तुझी सासू तिकडं तोंड वाकडं करते. मी अजून दोन वर्षं जगलो तर काय होणारे? आणि सोमवारच्या आत… मधली जागा आहे गं ती. कायमची.”

बापाची किळस येणं म्हणजे काय असतं, ते ज्याला आली नाही त्याला सांगून कळणार नाही. मी त्यांच्या कपाळाला हात लावला की माझ्या अंगावर काटा यायचा. त्यांच्या आजाराची किळस नव्हती मला, तो तर मी बेडपॅनपासून सगळा काढला होता. त्यांच्या त्या डोळ्यांतल्या हावेची होती. पत्र्याखालचं वेड त्यांनाही लागलं होतं.

मी पायात चपला घातल्या आणि मैदानावर गेले. बायका पत्र्याखाली जात नाहीत. मी गेले. पंधरा-वीस जण बसले होते, मुनीर की रघू चाललंच होतं. मला बघून सगळे गप्प झाले.

“अण्णांनी औषधं सोडलीत,” मी म्हटलं. “तुमच्या मधल्या जागेपायी. पाय सुजलेत. आत्ताच्या आत्ता कुणीतरी माझ्याबरोबर चला आणि सांगा त्यांना, की तुमचं नाव काढलं. जगलात तरी काढलं, मेलात तरी काढलं. म्हणजे ते गोळ्या घेतील.”

मला काय वाटलं होतं? वाटलं होतं, सगळे धावत सुटतील. वीस-वीस वर्षं एका पायरीवर बसलेली माणसं.

कुणी हललं नाही. मग मागच्या पायरीवरून कुणीतरी हळूच विचारलं, “सूज कुठपर्यंत आलीय?”

मी त्याच्याकडे बघितलं. कोण होता ते सांगत नाही, त्याची मुलं आता मोठी आहेत.

“ताई, एकदा एकमतानं ठरलेलं बदलता येत नाही,” पप्पू म्हणाला. “बदललं की परत मुनीर आणि रघूकाका. परत डोकी फुटणार.”

ससाणेकाका उठले. मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. “पोरी, कुणी मरा म्हणत नाही. देवाशपथ नाही. पण एखाद्या माणसाची इच्छा असेल, तर आपण त्याच्यावर जबरदस्ती करावी का? सोमवारपर्यंत थांबू या. मग बघू.”

मी त्यांचा हात झटकला. “काका, तुम्हाला किडे पडतील,” म्हटलं. “आणि ते मोजायला हीच मंडळी बसतील. कुठला किडा पहिला म्हणून.”

पायरीजवळ चहाची किटली होती. मी ती लाथ मारून उडवली. ब्लू स्टिक्सच्या इतिहासातला सगळ्यात चांगला हिट तोच होता, हे माझं एकमत आहे.

घरी येताना मी रस्त्यात ठरवलं. देवाचं नवरात्र चालू होतं, खोटं बोलू नये म्हणतात. बोलले.

“अण्णा, पत्र्याखाली जाऊन आले. परत मतदान झालं.”

अण्णा कोपरावर उठले. “कधी?”

“काल. अकरा जणांची यादी केली. तुम्ही तिच्यात नाही.”

“म्हणजे? मधे नाही?”

“मधे नाही, गोलात नाही, कुठंच नाही. तुमचा बारावा नंबर लागला.”

मला वाटलं होतं, ते रडतील. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बारावा? बारावा म्हणजे बदली?” अण्णा ओरडले. “मी? मी आयुष्यात कधी बाकावर बसलो नाही! पायाचं बोट मोडलं होतं तेव्हा बुटात कापूस घालून खेळलोय! बारावा! कोण म्हणालं? ससाणे? त्याला स्टिकची चपटी बाजू कुठली ते माहीत नाही, त्या ससाण्याला!”

“तेच म्हणाले,” मी म्हटलं. “मेले तरी बारावेच, म्हणाले.”

अण्णांनी पाय खाली सोडले. सुजलेले पाय जमिनीवर टेकवून, दोन्ही हातांनी कॉट धरून ते उभे राहायला लागले. मला म्हणाले, “गोळ्या आण. सगळ्या आण. त्या ससाण्याला खांदा दिल्याशिवाय मी जात नाही.”

मी गोळ्या दिल्या. या वेळी तोंड उघडायला लावून जीभ वर करून बघितलं. गिळल्या होत्या.

नंतरचं सांगते. त्या खंडेनवमीला सतरंजीच्या मधे दोन स्टिका ठेवल्या गेल्या, मुनीरची आणि रघूची. आरती संपायच्या आत भांडण लागलं की कुठली उजवीकडे ठेवायची. मग हळदीकुंकू लावलेल्या स्टिका उचलून एकमेकांना हाणल्या. चौघांना टाके पडले. मी कुणाला बघायला गेले नाही. अण्णा आणखी सहा वर्षं जगले आणि ससाणेकाकांना खांदा देऊनच गेले. पत्र्याखाली मात्र पुन्हा कधी बसले नाहीत.

पण त्या संध्याकाळी, गोळ्या गिळल्यावर, ते खूप वेळ धुमसत बसले होते. मी भाकरी केली. बिनमिठाची, त्यांना आवडायची नाही, तरी खाल्ली. खाता खाता मधेच थांबले.

“मधे कोण ठेवला मग?”

म्हटलं, “मुनीर बागवान.”

अण्णांनी मान हलवली. “बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?”

“मुनीरच. दुसरा कोण असणार? मी चौदा वर्षं त्याला चेंडू दिला. मला नाही माहीत तर कुणाला माहीत असणार?” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “रघू दुसरा. मी… मी असेन पाचवा-सहावा. पण बारावा नाही गं. बारावा नाही.”

मी उलथनं खाली ठेवलं.

“मुनीर पहिला, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“म्हणजे काय!”

“मग मरायला कशाला निघाला होतात?”

अण्णा मान खाली घालून घास चावत म्हणाले, “मिळत होती म्हणून.”